अक्षरगप्पा: बारीक रेघ गेली कुठे?

मागच्या अंकात बोडोनी फॉन्टबद्दल एक छोटी चौकट टाकली होती, जाड रेघ एकदम दणकट आणि बारीक रेघ एकदम केसासारखी असा तो फॉन्ट, परफ्युमच्या बाटलीवर किंवा फॅशन मासिकाच्या नावात बघता तो. त्यावर इतक्या मेल आल्या की या वेळचा अख्खा कॉलम त्यातच गेला. निम्म्या लोकांना तो प्रचंड आवडतो आणि उरलेल्या निम्म्यांना त्याने फसवलंय. खरं सांगायचं तर ही दोन्ही माणसं बहुतेक एकच असतात, आधी प्रेमात पडतात आणि मग छापून आल्यावर रडतात.

बहिणीच्या लग्नाची पत्रिका मीच केली. मरून रंगावर पांढरी इंग्रजी अक्षरं, बोडोनी, ८ पॉइंट. लॅपटॉपवर भारी दिसत होती. छापून आली तर छोट्या ई मधली आडवी दांडी गायब, त्याचा सी झालाय, नाव वाचताच येत नाही. प्रेसवाले म्हणतात फाइलच तशी होती. चूक कुणाची? (एक वाचक, सांगली)

दोघांचीही थोडी थोडी, पण तुमची जास्त, रागावू नका.

आधी एक साधा हिशोब करू. ७२ पॉइंट म्हणजे एक इंच. धरा की फॉन्टची बारीक रेघ अक्षराच्या साइझच्या पन्नासाव्या भागाएवढी आहे. मग ७२ पॉइंटला ती येते साधारण अर्धा मिलिमीटर, म्हणजे छान, कुठल्याही मशिनवर निघेल. तुम्ही लावलं ८ पॉइंट, नऊपट लहान, म्हणजे रेघ उरली ०.०५६ मिलिमीटर. आपला नेहमीचा झेरॉक्सचा कागद असतो ना, त्याची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर असते, त्याच्या जवळजवळ निम्मी! आणि त्यात तुम्ही ती उलटी छापलीत, म्हणजे पांढरी शाई वगैरे काही नसते हो, पांढरं दिसतं तो कोरा कागद, त्याच्या दोन्ही बाजूंनी मरून शाई. शाई कागदावर टेकली की थोडी पसरतेच, दोन्हीकडून जरा जरा पसरली की मधली गल्ली बंद. शिवाय मरून रंग चार शायांच्या चार प्लेट मिळून होणार, त्यातली एक जरी केसभर सरकली तरी तुमची रेघ मुळात केसभरच होती, ती गेली.

लॅपटॉपवर का दिसली? कारण तुम्ही झूम करून काम करत होतात, सगळेच करतात, ८ पॉइंटचं अक्षर स्क्रीनवर चार बोटं उंच करून बघायचं आणि म्हणायचं काय सुंदर आहे. १०० टक्के साइझला, खरं तर कागदावर प्रिंट काढून, हातभर लांब धरून बघायला हवं होतं.

प्रेसची चूक एवढीच की प्रूफ दाखवलं नाही, किंवा दाखवलं आणि तुम्ही लग्नाच्या गडबडीत मोबाइलवर ओके म्हणालात, तेही होतं.

आता दुरुस्ती. पत्रिका परत छापणार असाल तर फक्त वधूवरांची नावं बोडोनीत ठेवा, ३६ पॉइंट किंवा वरच, दोन ओळींमध्ये भरपूर मोकळी जागा सोडून. मुहूर्त, पत्ता, ‘आपले नम्र’ वगैरे सगळं दुसऱ्या सरळ फॉन्टमध्ये, आणि शक्य असेल तर हलक्या कागदावर गडद एकाच शाईत. सोनेरी फॉइल करायची हौस असेल तर हँडमेड कागद घेऊ नका, तो खडबडीत, फॉइल फक्त उंचवट्यावर चिकटते आणि बारीक रेघ तुटक तुटक येते, गुळगुळीत कार्ड घ्या आणि ब्लॉक बनवणाऱ्याला आधीच विचारा की कमीत कमी किती जाडीची रेघ निघते, तो आकडा सांगतो, लाजत नाही.

ज्ञान पाजळतोय असं वाटत असेल तर माझंही ऐका. धंद्यात नवीन असताना एका डॉक्टरांचं व्हिजिटिंग कार्ड केलं होतं, फोन नंबर ६ पॉइंट बोडोनीत, फार ‘क्लासी’ दिसतं म्हणून. आठ आणि तीन यांच्यातली सगळी बारीक वळणं छपाईत उडाली. पाचशे कार्डं वाटून झाल्यावर कळलं की पेशंटचे फोन एका पिठाच्या गिरणीत जातायत. गिरणीवाल्या काकांनी मोठ्या मनाने आठवडाभर सगळ्यांना खरा नंबर सांगितला, मी मात्र दुसरी पाचशे कार्डं पदरचे पैसे घालून छापली.

बोडोनी म्हणायचं की बोदोनी? आणि ते त्याच्यासारखंच दिसणारं डिडॉट की काय? (दोन-तीन जणांनी विचारलंय)

ज्याच्या नावाचा हा फॉन्ट तो माणूस इटालियन, त्यामुळे बोदोनी. दुसरं फ्रेंच, त्यामुळे दीदो, शेवटचा ट खायचा. पण कोरलच्या (कोरलड्रॉ, आपलं डिझाइनचं सॉफ्टवेअर) लिस्टमध्ये फॉन्ट शोधताना आपण सगळे बोडोनी आणि डिडॉटच म्हणतो आणि कुणाचं काही अडत नाही. मी खाली माणसाला बोदोनी म्हणतो आणि फॉन्टला बोडोनी.

बोडोनी आणि दीदो मला तर सारखेच दिसतात. फरक काय आणि असली अक्षरं मुळात सुचली कुणाला? आपल्याकडे याचा काही संबंध आहे का? (एक निवृत्त शिक्षिका, रत्नागिरी)

बाई, तुमच्या प्रश्नाला शेवटी एक गंमत आहे, म्हणून जरा लांब लिहितो.

तुम्ही बोरूने पुस्ती गिरवली असेल किंवा निदान गिरवून घेतली असेल. बोरूचं टोक तिरकं कापलेलं, त्यामुळे हात कसा फिरतो त्यावर रेघ जाड की बारीक ते ठरतं, जोर लावावा लागत नाही. टाक वेगळा. टाकाची निब टोकदार, मधे चीर, हलक्या हाताने वर नेली की बारीक रेघ, खाली येताना दाबली की निब फाकते आणि जाड रेघ. युरोपातली जुनी छापील अक्षरं रुंद टोकाच्या लेखणीची, म्हणजे आपल्या बोरूच्या जातीची. बोडोनी आणि दीदो ही टाकाची अक्षरं. म्हणून त्यांत उभी रेघ जाड, आडवी बारीक, आणि मधलं काही नाही.

पण असं अक्षर काढता येणं वेगळं आणि छापता येणं वेगळं. जुना कागद जाळीच्या खुणांचा, खरखरीत, त्यावर केसाएवढी रेघ उमटणारच नाही. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या जॉन बास्करव्हिलने १७५७ मध्ये व्हर्जिलचं पुस्तक छापलं, त्यात नव्या पद्धतीचा गुळगुळीत कागद वापरला आणि छापलेली पानं गरम तांब्याच्या पत्र्यांमध्ये दाबली, म्हणजे चक्क इस्त्री केली म्हणा ना. कागद सुधारला तशी रेघ बारीक होत गेली. तेव्हा वरच्या सांगलीकरांचं दुखणं अडीचशे वर्षं जुनं आहे, रेघ कागदावरच ठरते.

पॅरिसमध्ये दीदो हे घराणंच छपाईचं. त्यातल्या फर्मीन दीदोने १७८० च्या दशकात ही अक्षरं पोलादी पंचांवर, म्हणजे धातूच्या खिळ्यांचे (छपाईच्या सुट्या अक्षरांचे) साचे बनवायच्या ठशांवर, कोरली. इकडे इटलीत जांबातिस्ता बोदोनी, जन्म १७४० चा, सालुत्सो गावचा, बापाचा छापखाना. १७६८ मध्ये पार्माच्या ड्यूकने त्याला दरबारी छापखाना चालवायला बोलावलं. सुरुवातीला तो फूर्निए नावाच्या फ्रेंच अक्षरकाराचे टाइप वापरायचा, मग दीदोचं काम बघून त्याचा हात त्या दिशेला वळला, पण नक्कल नाही केली त्याने. फरक बघायचा असेल तर दोन्ही फॉन्ट ७२ पॉइंटला शेजारी ठेवा आणि अक्षराच्या पायाशी जी आडवी छोटी पट्टी असते, सेरिफ, ती बघा. दीदोची सरळ फूटपट्टीने मारल्यासारखी, उभ्या रेघेला काटकोनात. बोडोनीत बऱ्याच ठिकाणी तिथे किंचित मऊपणा असतो, जोड थोडा भरलेला. दीदो म्हणजे कडक इस्त्रीचा सदरा, बोडोनी तोच सदरा दुपारनंतरचा. (माझं मत आहे, दीदोवाले भांडायला येतील.)

बोदोनीला ‘छापणाऱ्यांचा राजा आणि राजांचा छापणारा’ म्हणायचे. १८१३ मध्ये तो गेला आणि त्याच्या टाइपांचा मोठा नमुनाग्रंथ, मानुआले तिपोग्राफिको, पाच वर्षांनी १८१८ मध्ये त्याच्या बायकोने, मार्गेरिताने, पूर्ण करून काढला. दोन खंड. नवऱ्याचं अर्धं राहिलेलं काम हातात घेऊन एवढं छापणं, तेही त्या काळात! तिचं नाव फार घेतलं जात नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आता गंमत. पार्माला जायच्या आधी, तरुणपणी, बोदोनी रोममध्ये एका छापखान्यात कामाला होता, प्रोपागांडा फीदे या चर्चच्या संस्थेचा छापखाना, मिशनऱ्यांसाठी जगभरच्या लिप्यांत पुस्तकं काढायचा. पूर्वेकडच्या लिप्यांचं कंपोझिंग तो तिथेच शिकला. १७६६ मध्ये त्याने ती जागा सोडली. त्याच छापखान्यातून १७७१ मध्ये देवनागरी लिपीची ओळख करून देणारं पुस्तक निघालं आणि १७७८ मध्ये चक्क मराठीचं व्याकरण छापलं गेलं, पोर्तुगीज भाषेत लिहिलेलं! तेव्हा पुण्यात पेशवाई चालू होती. बोदोनी तोवर पार्मात होता, त्यामुळे मराठी त्याच्या हाताखालून गेली असं मी म्हणणार नाही, पण ज्या छापखान्यात तो खिळे जुळवायला शिकला तिथेच बारा वर्षांनी आपली भाषा पोचली, एवढं मला पुरतं.

साडीच्या बुटिकसाठी बोर्ड करायचाय. लोगो बोडोनीसारख्या फॉन्टमध्ये इंग्रजी कॅपिटलमध्ये आहे. बोर्डवाला म्हणतो ही अक्षरं कापता येणार नाहीत. तो टाळतोय का? (एक वाचक, नाशिक)

नाही ताई, तो अनुभवाने बोलतोय. अ‍ॅक्रिलिकमध्ये बारीक रेघ कापली तरी उचलताना कडकन मोडते, आणि आतून एलईडी लावायचा असेल तर त्या रेघेत पट्टी बसायला जागाच नाही. म्हणजे रात्री जाड भाग उजळणार आणि बारीक भाग काळा.

आणि समजा कापली, तरी रस्त्यापलीकडून काय दिसेल ते करून बघा. समजा दुकानाचं नाव ‘हिना’ आहे, इंग्रजीत एच, दोन ई, एन, ए. बोडोनीत एच ची मधली दांडी बारीक, ती लांबून विरघळली की दोन खांब उरतात. ई च्या तिन्ही आडव्या बारीक, उरतो एकेक खांब. एन च्या दोन्ही उभ्या बारीक, फक्त तिरकी जाड, ती उरते. ए ची डावी तंगडी बारीक, ती गेली. म्हणजे तुमच्या बोर्डवर चार खांब आणि दोन घसरगुंड्या. रिक्षातून जाणाऱ्या बाईला ते दुकान वाटेल की कुंपण?

पर्याय असा की लोगो तोच ठेवा पण बोर्डसाठी वेगळी आवृत्ती करून घ्या, ज्यात बारीक रेघा डिझायनरने मुद्दाम वाढवल्यात. मी ‘डिझायनरने’ म्हटलंय, नुसती ‘आउटलाइन देऊन टाका’ असं नाही. कोरलमध्ये सगळ्या अक्षराला बाहेरून आउटलाइन दिली की बारीक रेघेबरोबर जाडही फुगते, आतल्या मोकळ्या जागा बुजतात, आणि अक्षर गालगुंड झाल्यासारखं दिसतं. कर्व्ह करून, म्हणजे अक्षराचं चित्र करून, फक्त बारीक भाग हाताने वाढवायचे, अर्ध्या दिवसाचं काम आहे, त्याचे पैसे द्या. मूळ नाजूक लोगो टॅगवर, डब्यावर, कापडी पिशवीवर मोठा वापरा, तिथे माणूस हातात घेऊन बघतो.

इंग्रजी हेडिंग बोडोनीत आहे, त्याच्याबरोबर मराठी कुठल्या फॉन्टमध्ये लावू? काहीच शोभत नाही. (दिवाळी अंकाचं काम करणारा एक वाचक, ठाणे)

हा खरा अवघड प्रश्न. कारण देवनागरीचा स्वभावच वेगळा आहे.

बोडोनीचा नियम काय, उभी जाड आणि आडवी बारीक. आता हा नियम जसाच्या तसा देवनागरीला लावा आणि बघा काय होतं, आपली सगळ्यात महत्त्वाची रेघच आडवी आहे, शिरोरेषा! ती केसाएवढी केली की अक्षरं दोरी तुटलेल्या कपड्यांसारखी लोंबकळतात. बोरूची अक्षरं बघा किंवा मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातली जुनी पुस्तकं बघा, शिरोरेषेला आणि कान्याला दोघांनाही वजन असतं, बारीकपणा असतो तो गाठींमध्ये, वळणांच्या शेवटी. म्हणजे जाड-बारीक आपल्यालाही नवीन नाही, फक्त ते वेगळ्या ठिकाणी पडतं. म्हणून देवनागरीला जबरदस्तीने टाकाचा नियम लावणारे हौशी फॉन्ट बघितले की मला दात दुखल्यासारखं होतं.

तरी एक चांगला प्रयोग आहे, इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘रोझा वन’. फुकट आहे, त्यात देवनागरी आणि इंग्रजी दोन्ही आहे, दोन्हीकडे जाड म्हणजे तुफान जाड आणि बारीक म्हणजे खरोखर बारीक. कथेचं नाव, कव्हरवरचे दोन शब्द, पोस्टरवरची एक ओळ यासाठी मस्त. पण दोन-तीन शब्दच! त्यात अख्खा परिच्छेद लावलेला मी एका निमंत्रणात पाहिलाय, वाचताना जिना चढल्यासारखा दम लागतो.

दुसरा रस्ता मला जास्त आवडतो, जोडी लावायचीच नाही. इंग्रजी बोडोनी मोठा आणि नखरेल, तर मराठी शांत घ्या, ‘एक टाइप’ या फॉन्ट करणाऱ्या मंडळींचा ‘मुक्ता’ घ्या, त्यात जाड-बारीक जवळजवळ नाहीच. फरक इतका स्पष्ट असतो की तो मुद्दाम केलाय हे कळतं. फसतं ते मधलं, म्हणजे थोडंसं जाड-बारीक असलेली देवनागरी बोडोनीशेजारी ठेवलीत की दूरचे नातेवाईक फोटोत उभे केल्यासारखं दिसतं. आणि आतला मजकूर पुस्तकी वळणाचा हवा असेल तर ‘तिरो देवनागरी मराठी’ बघा. त्याची मराठी, हिंदी आणि संस्कृत अशी वेगवेगळी रूपं आहेत, आणि मराठीवाल्यात ल आणि श आपल्या वळणाचे आहेत. तुम्ही पाठवलेल्या पीडीएफमध्ये ल हिंदी वळणाचा दिसतोय, ते आधी बदला. काही फॉन्टांमध्ये दोन्ही ल असतात पण सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी लावल्याशिवाय आपला ल बाहेर येत नाही, लोक वर्षानुवर्षं फॉन्टला शिव्या देतात आणि सेटिंग मात्र हिंदीवरच राहिलेलं असतं.

साइझ आकड्याने जुळवू नका. दोन्ही २४ पॉइंट केलं म्हणून सारखं दिसत नाही. डोळे किलकिले करून बघा, कुठली ओळ जास्त काळी दिसते? तिला लहान करा किंवा दुसरीला वाढवा, दोन्हीचा करडेपणा सारखा झाला की थांबा. आणि मराठी ओळीला वर रफार, वेलांटी, खाली उकार लागतो, तेव्हा इंग्रजीपेक्षा ओळींमधलं अंतर सढळ हाताने द्या, दिवाळी अंकात पानं वाचवायला हेच पहिलं कापलं जातं हे मला माहितीये.

मी अप्लाइड आर्टला दुसऱ्या वर्षाला आहे. सगळी फॅशन मासिकं हाच फॉन्ट का वापरतात? पोर्टफोलिओत वापरू का? (एक विद्यार्थिनी, पुणे)

व्होगचं नाव दीदोच्या जातीतलं आहे आणि हार्पर्स बझारचंही. बझारमध्ये अलेक्सी ब्रोडोविच १९३४ ते १९५८ आर्ट डायरेक्टर होता, त्याने फोटो, पांढरी जागा आणि हे अक्षर यांची अशी काही सांगड घातली की आजतागायत लोक तेच करतायत. गुळगुळीत आर्ट पेपर, मोठी साइझ, भोवती मोकळं पान, म्हणजे बारीक रेघेला लागतं ते सगळं फॅशन मासिकाकडे आधीच होतं. पुढे बझारसाठीच जोनाथन होफ्लर या फॉन्ट डिझायनरने १९९१ मध्ये दीदोची नवी आवृत्ती काढली, ती तू नक्की अभ्यास, कारण त्यात एकाच अक्षराचे ६ पासून ९६ पॉइंटपर्यंतचे सात वेगवेगळे साचे आहेत, लहान साइझच्या साच्यात बारीक रेघ मुद्दाम जाड काढलेली. धातूच्या खिळ्यांच्या काळात हे आपोआप व्हायचं, प्रत्येक साइझ वेगळी कोरायला लागायची ना. कॉम्प्युटरवर एकच आकार ताणायची सोय झाली आणि ती अक्कल हरवली.

पोर्टफोलिओत वापर, पण कव्हरवर तुझं नाव बोडोनीत आणि खाली बारीक ओळीत ‘व्हिज्युअल स्टोरीटेलर’, असे पोर्टफोलिओ इंटर्नशिपच्या वेळी माझ्या टेबलावर ढिगाने येतात. आतमध्ये लांब मजकूर त्यात नको. इंग्रजी ‘मिनिमम’ हा शब्द छोट्या अक्षरांत बोडोनीमध्ये टाइप कर, एका ओळीत पंधरा जाड काठ्या उभ्या राहतात, सलग दोन पानं तसं वाचून बघ, डोळ्यांपुढे काजवे चमकतात.

फुकटात कायदेशीर मिळणारा असा एखादा फॉन्ट सांगा, वेबसाइटसाठी हवाय. (एक वाचक, औरंगाबादहून पुण्याला आलेले)

गुगल फॉन्ट्सवर ‘बोडोनी मोडा’ घ्या. धंद्यासाठी वापरला तरी पैसे नाहीत, आणि त्यात वर सांगितली ती सोय आहे, ६ ते ९६ पर्यंत साइझप्रमाणे रेघेची जाडी बदलते, ब्राउझर ते स्वतःच करतो, फक्त फॉन्ट लोड करताना ती ऑप्टिकल साइझची अक्ष मागवायला तुमच्या डेव्हलपरला सांगा, नाहीतर एकच साचा येतो. त्यापेक्षा धीट हवा तर ‘प्लेफेअर डिस्प्ले’, तो खरा बोडोनी नाही, बास्करव्हिलच्या काळाकडे झुकलेला आहे, पण बारीक रेघ जरा सोशिक आहे. मात्र गेली कित्येक वर्षं प्रत्येक कॅफेच्या मेन्यूवर तोच दिसतोय, तेव्हा तुमचा धंदा कॅफेचा असेल तर दुसरा शोधा. मॅक असेल तर दीदो आणि बोडोनी ७२ मशिनमध्येच असतात, पण ते वेबसाइटवर चढवायचं लायसन्स त्यात येत नाही, कव्हरसाठी वापरा.

आणि साइट तयार झाली की घरातल्या सगळ्यात जुन्या मोबाइलवर, ब्राइटनेस अर्धा करून, उन्हात गॅलरीत उभं राहून उघडा. तिथे फोन नंबर वाचता आला तर मला मेल करा, नाही आला तर गिरणीवाल्या काकांचा नंबर अजून माझ्याकडे आहे.